क्लोजा आणि तो न झालेला गोल

आज सुट्टी होती म्हणून दुपारी पोरासोबत जर्मन फुटबॉलर मिरोस्लाव क्लोजाच्या जुन्या क्लिप्स बघत बसलो, आणि खरं सांगतो, उठवेचना. माणूस पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी जर्मनीत आला तेव्हा जर्मन धड येत नव्हती, पुढं सुतारकाम शिकला आणि विशीतसुद्धा पार खालच्या लीगमध्ये खेळत होता. तिथून 2002 च्या वर्ल्डकपला पाच गोल, पाचही हेडर, म्हणजे डोक्याने मारलेले! 2014 ला ब्राझीलविरुद्ध पहिला शॉट त्यांचा गोलकीपर ज्युलिओ सीझरने अडवला, बॉल परत पायाशी आला आणि यानं शांतपणे ढकलला, वर्ल्डकपमधला सोळावा गोल, ब्राझीलच्या रोनाल्डोचा पंधराचा रेकॉर्ड त्याच्याच देशात मोडला, वय 36.

पण मी अडकलो ते 2012 च्या नापोली मॅचवर. दोन्ही इटलीचे क्लब, हा लाझिओकडून खेळताना बॉल त्याच्या हाताला लागून आत गेला, रेफ्रीने गोल दिला, आणि यानं स्वतः सांगितलं की हात लागला. गोल रद्द. नापोलीचे प्लेअर येऊन हात मिळवतायत. लाझिओ ती मॅच 3-0 हरली. पोराने विचारलं, सांगितलं नसतं तर कळलं असतं का? म्हटलं, रेफ्रीला तर नव्हतंच कळलं. त्याने गप्पपणे क्लिप परत मागं घेतली, तीनदा.