झोन सरकवायला टूल कशाला?

‘नकाशावर खूण ओढली की झोन सरकतो, मग त्याला एपीआय आणि टूल कशाला?’ ज्यांच्या घरी मी होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) बसवून दिलंय, त्यातले बहुतेक जण हे विचारतात. झोन म्हणजे नकाशावर आखलेलं वर्तुळ, त्यात फोन आला किंवा गेला की सिस्टिमला कळतं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायचा मार्ग, आणि टूल म्हणजे त्या मार्गाने झोन बदलणारा माझा छोटा प्रोग्राम. तुम्हीही विचारलंत, म्हणून यावेळी नीट बसून लिहितोय.

एकच घर आणि दोन-तीन झोन असतील तर खरंच गरज नाही. सेटिंग्जमध्ये जा, झोन उघडा, खूण ओढा, सेव्ह करा. माझ्याकडे मात्र नागपुरातली तीन घरं आहेत: धरमपेठेत आईबाबा, मनीषनगरात आम्ही, बेशाला मावसभाऊ. तिन्हीकडे वेगळी सिस्टिम, आणि दवाखाना, आईबाबांचं घर, धाकट्या भावाचं ऑफिस हे झोन तिन्हीकडे लागतात. एक पत्ता बदलला की तीन ठिकाणी बदलायचा, आणि तिन्हीकडे आकडे तेच हवेत. म्हणून टूल.

भावाचं ऑफिस गेल्या उन्हाळ्यात आयटी पार्कातून विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक भागात गेलं. तो आईबाबांकडेच राहतो. त्याचा फोन ऑफिसच्या झोनमधून बाहेर पडला की स्वयंपाकघरातला स्पीकर बोलतो, ‘छोटू निघाला’, आणि आई कणीक भिजवायला घेते. तो घराच्या जवळ आला की त्याच्या खोलीतल्या कूलरचा पंप सुरू होतो, म्हणजे तो पोचेपर्यंत ताट्या ओल्या झालेल्या असतात. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, त्यामुळे ही चैन नव्हती.

तेव्हा मी झोन चुकीच्या दारातून बदलला. एपीआयमध्ये कुठल्याही वस्तूची सध्याची स्थिती लिहायचा एक वेब-पत्ता असतो. त्यावर मी नवे अक्षांश-रेखांश पाठवले. ‘यशस्वी’ असं उत्तर आलं, नकाशावर वर्तुळ मिहानला दिसलं, चार दिवस सगळं चाललंही. पाचव्या दिवशी दुपारी लाइट गेली, सिस्टिम पुन्हा सुरू झाली आणि ऑफिस परत जुन्या जागी. सिस्टिमच्या लेखी भाऊ ऑफिसात नव्हताच, तर तो निघणार कुठून? साडेसातला आईचा फोन आला, ‘अरे, छोटू निघाला का नाही अजून? आज ते काहीच बोललं नाही ना!’ ती गेटपाशी उभी होती. त्या संध्याकाळचं मला अजून वाईट वाटतं. तिने त्या आवाजावर भरवसा ठेवला होता.

कारण साधं आहे. त्या वेब-पत्त्यावरून फक्त चालू मेमरीतलं चित्र बदलतं. झोनची खरी नोंद वेगळी साठवलेली असते, आणि रीस्टार्टनंतर चित्र त्या नोंदीवरूनच पुन्हा उभं राहतं. नोंद बदलायची तर वेबसॉकेटवरून (सिस्टिमशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) जावं लागतं: आधी झोनची यादी मागवायची, तीतून त्या झोनचा आयडी घ्यायचा, मग अपडेटचा आदेश द्यायचा. जुना झोन काढून नव्या नावाने दुसरा करू नका. त्याची ओळख वेगळी होते आणि जुने ऑटोमेशन, म्हणजे ‘हे झालं की ते कर’ असे नियम, जुन्यालाच शोधत बसतात. यामल फाइलमध्ये (हाताने लिहायची सेटिंग्जची फाइल) लिहिलेले झोन असे बदलत नाहीत. तिथे फाइलच दुरुस्त करून झोन रीलोड करायचे. आणि ‘होम’ हा झोन म्हणजे सिस्टिमचं स्वतःचं ठिकाण, त्यासाठी ठिकाण ठरवण्याची वेगळी सर्व्हिस आहे.

होमबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मावसभावाकडे मे महिन्यात अंगणातला दिवा दोन संध्याकाळी लागलाच नाही. बल्ब ठीक, स्विच ठीक. शेवटी आकडे पाहिले तर उलटे पडले होते. नागपूर साधारण २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. ते उलटे टाकले की घर जातं ७९ उत्तर, २१ पूर्वेला, म्हणजे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळ. तिथे मे महिन्यात सूर्य मावळत नाही! सूर्यास्ताची वेळ सिस्टिम होमच्या ठिकाणावरूनच काढते, मग दिवा लागणार कसा? सिस्टिमने तक्रार केली नाही, कारण ७९ हा अक्षांश म्हणून चालतो. नकाशे बहुधा अक्षांश आधी देतात, जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी असतो, तिथून उचलताना हे होतं. म्हणून माझ्या टूलमध्ये पहिली अट हीच आहे: अक्षांश ८ ते ३७ आणि रेखांश ६८ ते ९७ यांच्या बाहेर गेला, तर पुढे जायचं नाही. आमच्या घरांसाठी एवढं पुरतं.

दशांशानंतर चार आकडे पुरेत. अक्षांशाचा चौथा आकडा म्हणजे सुमारे ११ मीटर. त्रिज्या आपोआप १०० मीटर येते, घराला ती ठीक आहे. मिहानच्या मोठ्या आवारात मी ३५० ठेवली, नाहीतर भाऊ कॅन्टीनला गेला तरी ‘निघाला’ असं व्हायचं.

टोकन, म्हणजे टूलला सिस्टिममध्ये शिरू देणारी लांबलचक किल्ली, मात्र जपा. तो दहा वर्षं चालतो, आणि घरातलं कोण कुठे आहे हे तो सांगू शकतो. कोणाच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

आता टूल आधी जुनी आणि नवी जागा शेजारी दाखवतं, झोन किती मीटर सरकणार ते सांगतं आणि माझा होकार आल्यावरच लिहितं. मग मी मुद्दाम रीस्टार्ट करतो आणि यादी पुन्हा वाचतो. आईकडचा झोन असा दुरुस्त केला, त्या दिवशी मी धरमपेठेतच थांबलो. पावणेसातला स्पीकर बोलला, ‘छोटू निघाला.’ आईने काही न म्हणता परात पुढ्यात ओढली.