तुम्ही विचारलंत म्हणून: इमारत का नाही बांधली?

नवी मुंबईतल्या करावे गावातल्या आमच्या घरी उतरलेले पाहुणे सकाळी ओटीवर चहा घेताना हमखास विचारतात, "आजूबाजूला सगळ्यांनी चार-चार मजले चढवले. तुम्ही हे कौलारू घर का ठेवलंत?"

तुम्ही झोपलात त्या खोलीत उशाकडची एक भिंत रंगवलेली नाही. तिच्यावर कोळशाच्या रेघा आहेत, चार उभ्या, पाचवी त्यांना छेदणारी. एक रेघ म्हणजे एक खंडी भात. ही आमची भाताची खोली. झोडणी झाली की सासरे मापून भात आत ओतायचे आणि सासूबाई रेघ ओढायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्या भिंतीवरचा हिशोब पक्का असायचा.

शेत खाडीकाठचं, खारजमिनीतलं. बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, सांभाळली तरच पीक. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला सासरे रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. एकदा खारं पाणी आत शिरलं की जमीन धुऊन निघायला पावसाळे लागायचे.

१९७० साली नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आमचं शेतही गेलं. गावठाण वगळलं होतं, म्हणून घर राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत द्यायची योजना आली. आज नवी मुंबईत फिरताना हे लक्षात ठेवा, एवढं मनापासून सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती खोली रिकामी होती, तरी भाताचा वास होता. पहिल्या दिवाळीला मी चुना कालवला, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ती भिंत सोड." बाकी काही बोलल्या नाहीत.

पुढे खाडीवर फ्लेमिंगो बघायला येणारे लोक राहायला जागा विचारू लागले. तेव्हा त्याच खोलीत पलंग टाकला. न्याहारीला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी देते. तांदूळ आता विकतचा असतो.

इमारत बांधायची तर ती भिंत पाडावी लागेल. तिच्यावर सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, तीनच रेघा आहेत.