निऑन केशरी नेलपेंट, नागपूरचा मे महिना आणि ते ६० सेकंद: माझा अनुभव

मावसबहिणीच्या हळदीला पिवळा ड्रेस ठरला होता आणि त्यावर मला नखं भडक केशरी हवी होती, अगदी झेंडूच्या फुलासारखी. एरवी मी न्यूड शेडच्या पलीकडे जात नाही, पण यावेळी ठरवलंच होतं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन बाटली आणली, नखं कापून फाइल केली, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

वैताग आला तो सुकवण्याचा. बाटलीवर ठळक लिहिलेलं, ६० सेकंदात सुकतं. मी आदल्या दिवशी दुपारी कूलरसमोर बसून लावलं, म्हटलं हवेने पटकन होईल. दहा मिनिटांनी बघते तर प्रत्येक नखावर बारीक बारीक बुडबुडे, टाचणीच्या टोकाएवढे. नंतर कारण कळलं. नेलपेंट सुकतं म्हणजे त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे त्याला पातळ ठेवणारं द्रव, उडून जातं, आणि उन्हाळ्यात वरून वारा मारला की वरचा थर आधी धरतो, खालचं ओलंच राहतं आणि मग ते वर यायला बघतं. बाटली जोरजोरात हलवली तरी हवा शिरून तेच होतं, म्हणून ती दोन्ही तळहातांमध्ये धरून फिरवायची.

पुसलं, परत लावलं. आता पट्टे! ब्रश फिरेल तिथे कुठे गडद कुठे फिकट. निऑन रंग मुळात पातळ आणि पारदर्शक असतो, हे मला कुणी दुकानात सांगितलं नाही. पट्टे झाकायला मी तीन जाड कोट मारले. वरून हात लावला तर कोरडं. जेवले, भांडी आईने घासली कारण मी हात वर धरून बसलेली, अकराला झोपले. सकाळी उठले तर उजव्या हाताच्या चारही नखांवर चादरीची वीण उमटलेली, उभे आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट! इतका राग आला ना. वरून सुकलं म्हणजे आतून सुकलं असं नसतं, जाड थर आतून घट्ट व्हायला कित्येक तास घेतो, मग ते ६० सेकंद नक्की कशाचे लिहिता? ज्यांना दुसऱ्या दिवशी कार्यक्रम आहे ते त्यावरच विसंबून राहतात ना.

आई म्हणाली, "अगं, सोड आता, मेंदी आहे ना हाताला." पण मी सोडलं नाही. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, कूलर पंखा दोन्ही बंद करून तिसऱ्यांदा बसले. आधी पांढऱ्या नेलपेंटचा एक पातळ कोट, त्यावर केशरीचे दोन पातळ, प्रत्येक कोटमध्ये पाच मिनिटं थांबून. आणि काय रंग उठला म्हणून सांगू! खालचा पांढरा उजेड परत फेकतो त्यामुळे निऑन खरंच पेटल्यासारखा दिसतो. निऑन सुकल्यावर मॅट होतं, चमक हवी तर वरून टॉपकोट लावा. मंडपात चार जणींनी शेड विचारली, मला फार बरं वाटलं.

हां, पांढरा कोट नखाच्या कडेपर्यंत नेऊ नका, जरा आतच ठेवा. माझ्या दोन नखांना कडेने पांढरं डोकावत होतं आणि नवरीला हळद लावल्यावर ते पिवळं पडलं, धुऊनही गेलं नाही.

नेलपेंट काढताना रिमूव्हरने घासू नका, केशरी सगळं बोटाला पसरतं. कापूस भिजवून नखावर दहा पंधरा सेकंद दाबून धरा आणि एकदाच पुढे ओढा, नंतर खोबरेल तेल लावा. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतू नका, त्यासाठी थिनर वेगळं मिळतं.

आणि पांढऱ्याच्याही आधी साधा पारदर्शक बेसकोट हवाच. पहिल्या दोन वेळा मी केशरी थेट नखावर लावलं होतं, डाव्या अंगठ्याचं नख अजून फिकट केशरी आहे.