जोडपाटी

साहेबांचा वाढदिवस जवळ आला की माझ्या कॉम्प्युटरला धाप लागते. साहेब कुठले, कुठल्या पक्षाचे, ते सोडा. डोंबिवलीत घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी करणाऱ्या बाईला सगळे साहेब सारखेच. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स, मधोमध कमरेपर्यंतचे साहेब, वर गोलात बसवलेले त्यांचे वरिष्ठ आणि खाली शुभेच्छुकांची रांग. या रांगेत कोण कोणाच्या शेजारी आणि कोणाचं डोकं कोणापेक्षा किती मोठं, हा आमच्या धंद्यातला सर्वांत नाजूक विषय. शुद्धलेखन कोणी तपासत नाही. डोकी मात्र मोजली जातात.

फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्यामुळे इंचाला ७२ ठिपके पुरतात. तरी हिशेब मांडून बघा. दहा फूट गुणिले आठ फूट म्हणजे जवळजवळ सहा कोटी ठिपके, आणि छपाईचे रंग चार म्हणून एकेका ठिपक्याला चार बाइट. एकही चेहरा लागायच्या आधी नुसती रंगीत पार्श्वभूमीच सव्वादोनशे एमबी खाते. त्यावर साहेब, साहेबांच्या मागचं तेजोवलय, तेजोवलयाची सावली (ही मागणी खरोखर आली होती) आणि चाळीस शुभेच्छुक. माझ्या मशीनला रॅम होती २ जीबी. त्यातली काही विंडोज आधीच घेऊन बसलेलं. अठराव्या-एकोणिसाव्या शुभेच्छुकाशी हार्डडिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा थांबायचा आणि लागूनच राहायचा. आतून कुणीतरी पत्रा खरवडतंय असा आवाज. तेवढ्यात माझी कणीक भिजवून व्हायची. सेव्हला टाकलं तर भाजीही फोडणीला पडायची.

“मावशी, नवीन घे ना आता,” भाचा दर दिवाळीला म्हणतो. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याला सगळं नवीनच घ्यावंसं वाटतं. पण हे मशीन आहे २०१२ चं. त्याच्या पाठीमागच्या प्रिंटर पोर्टला माझ्या मराठी फॉन्टांची डोंगल, म्हणजे त्यांच्या कुलपाची किल्लीच, लावलेली आहे, आणि ती निघाली की ते फॉन्ट उघडतच नाहीत. आत पेजमेकर आहे, पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. बारा-तेरा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत, सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. दुसरीकडे उघडल्या तर ‘श्रीगणेशाय नमः’च्या जागी डॉलर, कंस आणि टक्क्यांची चिन्हं दिसतात. थोरल्याच्या लग्नाला पत्रिका केलेली माणसं धाकट्याच्या वेळी येऊन सांगतात, “तीच काढा ताई, फक्त नावं बदला.” नावं बदलायची आणि निमंत्रकांतली एक-दोन खालून वर न्यायची, त्यांच्यामागे ‘कै.’ लावून. असलं मशीन भंगारात टाकायचं नसतं. इंटरनेट मी त्याला २०२० पासून दिलेलं नाही. विंडोज सेव्हनची दुरुस्ती कंपनीने त्या जानेवारीत थांबवली, तेव्हा भाच्यानेच वायर काढून ठेवली.

मग त्यानेच फोनवर तोड सुचवली. रॅम वाढव.

रॅमला मेमरी म्हणतात, आणि माझा घोळ तिथूनच व्हायचा. मला वाटायचं, पत्रिका तिथे साठतात. भाच्याने सांगून पाहिलं, पण डोक्यात प्रकाश पडला तो शाळेतली पाटी आठवल्यावर. हार्डडिस्क म्हणजे वही आणि रॅम म्हणजे पाटी. हिशेब पाटीवर करायचा, बरोबर आला की वहीत उतरवायचा, फडकं मारायचं, पुढचा हिशेब. पाटी लहान असली की अर्ध्यातच पुसावी लागते, पुसायच्या आधी वहीत टिपून ठेवावं लागतं आणि मग पुन्हा वही उघडून बघावं लागतं. तो पत्रा खरवडल्यासारखा आवाज म्हणजे माझं मशीन पाटी पुरेना म्हणून सारखं वहीकडे धावत होतं. आणि वही फार लांब आहे. पाटीवरचं अक्षर नॅनोसेकंदांत वाचून होतं, फिरत्या डिस्कवरचं हुडकायला मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदात नॅनोसेकंद दहा लाख.

पण ही पाटी साधी नाही, असं भाचा म्हणाला, आणि त्यानंतर त्याने जे सांगितलं ते मला आजवर कुठल्याही यंत्राबद्दल ऐकलेल्या गोष्टींत सर्वांत आवडलेलं आहे. हिच्यावरचं अक्षर आपोआप पुसट होत जातं. एकेक बिट म्हणजे विजेची एक चिमुकली टाकी आणि तिचा एक नळ. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड नावाच्या माणसाला १९६६ मध्ये ही कल्पना सुचली, १९६८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. टाकी एवढी लहान की ती गळतेच. म्हणून मशीन काय करतं, तर प्रत्येक टाकी गळून जायच्या आत वाचतं आणि पुन्हा भरतं. सगळ्या टाक्यांचा एक फेरा ६४ मिलिसेकंदांत. आपली पापणी लवेपर्यंत दोन-तीन फेरे होतात. ४ जीबीच्या एका पट्टीवर अशा टाक्या ३,४३५ कोटींच्या वर.

म्हणजे ही उजळणीच झाली की! संध्याकाळी दिवा लावला की आम्ही भावंडं ओळीने बसून पाढे म्हणायचो, बे एके बेपासून तीसापर्यंत, आणि नंतर पावकी, निमकी. आजोबा झोपाळ्यावर. त्यांचे डोळे मिटलेले असायचे, पण एकोणतीस सक्क्याला कुणी अडखळलं की झोपाळा थांबायचा. रोज म्हटलं म्हणून राहिलं. म्हणायचं थांबले त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली आणि एकोणतीस सक्क्यांसाठी मला कॅल्क्युलेटर लागतो. माझ्या टेबलाखाली मात्र सेकंदाला पंधरा वेळा पाढे म्हटले जात होते आणि मला पत्ता नव्हता.

असो. पहिला उद्योग मी चुकीचाच केला. माळ्यावर याच्या आधीचा मेलेला कॉम्प्युटर होता. त्यातली पट्टी काढली, पुसली, याच्यात बसवायला गेले. लांबी तीच, पितळी दातही मोजून तेवढेच, दोनशे चाळीस. पण मधली खाच अर्ध्या बोटाने इकडे. ती निघाली डीडीआर टू, म्हणजे रॅमची आधीची पिढी, मशीनला हवी डीडीआर थ्री. खाच मुद्दामच सरकवलेली असते, कारण आधीची १.८ व्होल्टवर चालते आणि नंतरची १.५ वर. चुकीची चप्पल पायात जाऊच नये अशी सोय. देवळाबाहेर हे असायला हवं होतं.

मग लॅमिंग्टन रोड. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिमेची स्लो, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. कागदोपत्री तो रस्ता डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर दुकानदारच तुमच्याकडे बघत राहील. नमुन्याला जुनी पट्टी मी रुमालात बांधून नेली होती, बाजारात बांगडीचं माप न्यावं तशी. काउंटरमागच्या मुलाने ती बघितली आणि कळवळून म्हणाला, “मॅडम, ऐसे मत लाना! स्टॅटिक लग जायेगा.” अंगावरच्या विजेचा चटका आपल्याला कळायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, चिपला त्याहून पुष्कळ कमी पुरतात, हेही भाच्याकडूनच नंतर कळलं. डीडीआर थ्री नवीन मिळणार नाही, वापरलेली मिळेल, म्हणाला. भाव ऐकून मी दचकले. “एआयवालों ने सारा माल उठा लिया मॅडम.” आता साहेबांच्या तेजोवलयाचा आणि एआयचा काय संबंध? पण दुनियेतले डेटा सेंटरवाले मेमरी पोत्यांनी उचलू लागले, कारखाने त्यांच्याकडे वळले आणि झळ ग्रँट रोडच्या काउंटरपर्यंत आली. घासाघीस करून चौदाशेला दोन पट्ट्या घेतल्या, चार-चार जीबीच्या. “सेम पेअर है,” असं तो तीनदा म्हणाला. दोन्ही सारख्या असल्या की मशीन दोन्हींवरून एकदम वाचतं म्हणे. शाळेत आमच्या वर्गातल्या एका मुलीकडे दोन पाट्या सुतळीने एकत्र बांधलेली जोडपाटी होती. मला ती दुसरीपासून हवी होती. चौदाशे रुपये एकदम कमी वाटले.

घरी येऊन मेन स्विच बंद केला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, झाकण काढलं. आत बारा वर्षांची धूळ आणि एक मेलेलं झुरळ, पंख्याच्या अगदी पायाशी. ब्रशने सगळं झाडलं, पट्ट्या लावल्या, चालू केलं. स्क्रीन काळी आणि एकेक लांब बीप, नवजात बाळाला चिमटा काढल्यासारखी. फोन. “मावशी, दात खोडरबराने पूस. आणि घाबरू नकोस, दाब. दोन्ही कडांना टक् वाजलं पाहिजे.” एवढं इंजिनिअरिंग शिकून शेवटी खोडरबर. पुसलं, दाबलं. ज्या जोराने दाबावं लागलं त्या जोराने मी आजवर फक्त शेवया काढल्यात. टक्. टक्. विंडोजची खूण आली.

आणि सिस्टीमच्या पानावर लिहून आलं: मेमरी ८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२४.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अगं, तुझं विंडोज बत्तीस बिटांचं आहे ना. विसरलोच मी.” म्हणजे मदरबोर्डाला सोळा जीबीपर्यंत चालतं, पण बत्तीस बिटांत पत्ते मांडता येतात ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे फक्त ४ जीबीचे. त्यातलेही काही स्क्रीनच्या कार्डाला आणि इतरांना आधीच राखून ठेवलेले. पलीकडच्या घरात माणसं राहतात, पण पोस्टमनकडे त्यांचे पत्ते नाहीत. चौसष्ट बिटांचं विंडोज घालावं तर माझी डोंगल त्यावर चालत नाही, आणि डोंगलसाठीच तर हा सगळा संसार. “एक परत करून ये,” तो म्हणाला. जोडपाटीतली एक परत कशी करणार? असू दे म्हटलं. घरात पितळी डबेही आहेत, सगळे कुठे भरलेले असतात.

पण ३.२४ सुद्धा काय फरक पडतो! त्याच आठवड्यात साहेब आले. पंचवीस शुभेच्छुक झाले, तीस झाले, लाल दिवा आपला अधूनमधून एकदा. चेहरे पत्ते टाकावेत तसे पडत होते. कणीक तशीच परातीत. दीड तासात चाळीसावं डोकं बसवलं आणि साहेबांच्या मिशीला जरा काळेपणा देत होते, तेव्हा वीज गेली.

यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वी बसली आहे. तोवर तिची गरज पडली नव्हती, कारण मशीन अडकलं की मी सवयीने सेव्ह मारायचे आणि उठायचे. त्या संध्याकाळी ते अडकलंच नाही. जोडपाटी लख्ख पुसली गेली होती.

पावणेदोन तासांनी वीज आली. मी पहिल्यापासून मांडायला बसले. कागद कुठे बघावा लागला नाही, सगळा क्रम तोंडपाठ होता: साहेबांच्या डाव्या हाताला शाखेचे, उजव्या हाताला रिक्षा स्टँडचे, त्यांच्यापुढे वारकरी मंडळ, मग पतपेढीवाले दोघे भाऊ, त्यांच्यात बोलणं नाही म्हणून मधे एक परका. रात्री साडेबाराला फाइल छापायला गेली.

सकाळी सात वाजता फोन.

“ताई, चौकात उभाय. एकोणचाळीस भरतायत.”