जांभ्यात अर्थिंग, गोठ्यात चार्जर : लांज्यातली नोंदवही

फेब्रुवारी 2025

गाडी घरी आली. टियागो ईव्ही, 24 युनिटची बॅटरी, ऑनबोर्ड (गाडीच्या आत बसवलेला) चार्जर 3.3 किलोवॅटचा. आईने गाडीसमोर नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि संध्याकाळी मी पहिल्यांदा प्लग लावला. गाडीसोबत आलेल्या पोर्टेबल चार्जरच्या डबीवर लाल दिवा. प्लग काढला, पुन्हा लावला, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावून बघितला. लालच.

मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल 219 व्होल्ट, ठीक. न्यूट्रल-अर्थ 38 व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या वर नसावा. घर आजोबांनी बांधलेलं, चिरेबंदी. सॉकेटला तिसरी पिन आहे, तिची हिरवी वायर मीटरपेटीपर्यंत आलेली आहे, आणि तिथे ती नुसतीच गुंडाळून मागे सरकवून ठेवलेली. जमिनीत काहीच नाही. चाळीस वर्षं आम्ही त्या तीन पिनांवर मिक्सर, फ्रिज, पंप चालवत आलो आणि कुणाला कळलं नाही. गाडीच्या डबीला पहिल्या दोन सेकंदांत कळलं.

वायरमनकाका आले. “अरे, न्यूट्रलचा एक तुकडा अर्थच्या पिनला मारतो, दोन मिनिटांत हिरवा दिवा लागेल.” त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, आमच्याकडे हे सगळीकडेच चालतं. पण मी नको म्हणालो, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने नको म्हणावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोकणात पावसाळ्यात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटणं ही काही नवलाची गोष्ट नाही. न्यूट्रल तुटला की घरातल्या बल्बमधून, फ्रिजमधून फिरून आलेला फेज त्या जोडलेल्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबराच्या चाकांवर उभी, आपण ओल्या मातीत अनवाणी, हात दाराच्या हँडलला. दिवा मात्र हिरवाच असतो.

मार्च

अर्थिंग होईपर्यंत बाजारपेठेत मामांच्या नव्या घरी गाडी लावत होतो. तिथली वायरिंग दोन वर्षांपूर्वीची, अर्थिंगही चांगलं. तीन आठवड्यांनी मामींना जळका वास आला. सॉकेट उघडलं तर न्यूट्रलच्या भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं, आतली पितळी पकड काळी पडून सैल झालेली, आणि वायरच्या टोकाचं इन्सुलेशन बोटाने चुरा होण्याइतकं भाजलेलं. सॉकेट 16 अँपिअरचं, नावाजलेलं. त्यावर गीझर वर्षानुवर्षं चालतो, पण गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी 14-15 अँपिअर सलग आठ-नऊ तास ओढते.

म्हणून पोर्टेबलवरच भागवणार असाल तर भिंतीतलं साधं सॉकेट नको. निळं इंडस्ट्रियल सॉकेट येतं, गोल, झाकणाचं, 16 अँपिअर तीन पिनांचं. देशातल्या सुरुवातीच्या भारत एसी-001 चार्जरवर हीच जात होती. त्याची पकड घट्ट असते. मामांकडे तेच बसवून दिलं, त्यानंतर ते गरमही होत नाही, फार तर कोमट.

एप्रिल

हा महिना पूर्ण जमिनीत गेला, आणि या नोंदवहीत मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दलच.

लांजा म्हणजे सडा. वर हातभर लाल माती, खाली जांभा. चिरा ओला असतो तोवर ठीक, पण एप्रिलमध्ये तो हाडासारखा कोरडा होतो आणि वीज वाहून न्यायला अगदी नालायक. पहिला खड्डा अंगणात, गाडीच्या शेडजवळ मारला. शेड म्हणजे आमचा जुना गोठा. दोन गडी, पहार, दोन दिवस, आणि सहा फुटांवर थांबावं लागलं. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, सगळं रीतसर. रत्नागिरीच्या एका कंत्राटदार मित्राकडून अर्थ टेस्टर आणला. त्याच्या खुंट्या जांभ्यात ठोकता येईनात, पाणी ओतून ओतून बसवल्या. आकडा (जमिनीचा वीजरोध, जितका कमी तितका चांगला) आला 58 ओहम.

58 म्हणजे काय ते मांडून बघा. फेज गाडीच्या पत्र्याला लागला तर 230 भागिले 58, जेमतेम 4 अँपिअर जमिनीत जाणार. 16 अँपिअरच्या एमसीबीला (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) ते एखाद्या इस्त्रीइतकंही वाटत नाही, ती कधीच पडणार नाही. पत्रा जिवंतच राहणार.

अण्णांनी (माझे वडील) एका वाक्यात उत्तर दिलं. “पाणी जातं तिथे खण की.” आमच्या न्हाणीघराचं सांडपाणी मागच्या दारी माडांना आणि अळवाला जातं. तिथली माती बारा महिने ओली. तिथे नऊ फुटांपर्यंत पहार गेली. जीआय पाईपचं इलेक्ट्रोड, भोवती बेंटोनाइटची पूड पाण्यात कालवून. आकडा 11. मग तसाच आणखी एक, सहा मीटरवर. दोन इलेक्ट्रोडमध्ये निदान त्यांच्या लांबीइतकं अंतर हवं, जमलं तर दुप्पट, नाहीतर दोघेही त्याच मातीवर भागवतात आणि दुसऱ्याचा खर्च फुकट जातो. दोन्ही जीआय पट्टीने जोडून आकडा आला 5.9.

न्यूट्रल-अर्थ आता दीड व्होल्ट. पोर्टेबलच्या डबीवर हिरवा दिवा बघायला आई, अण्णा आणि वायरमनकाका तिघेही गोठ्यात उभे होते. काकांनी खिशातून टेस्टर काढून गाडीच्या पत्र्याला लावून बघितला आणि म्हणाले, “आमच्या घरीपण करूया.”

5.9 ओहमवरही नुसत्या एमसीबीवर विसंबायचं नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) हवीच. इथे आणखी एक खाच आहे. लांज्यात मिळते ती एसी प्रकारची. ओळखायची कशी, तर तिच्या तोंडावर छोट्या चौकटीत एकच नागमोडी लाट छापलेली असते. गाडीच्या चार्जरमधून गळणारा करंट शुद्ध एसी नसतो, त्यात डीसीचा अंश असू शकतो, आणि तसा करंट असला की एसी प्रकारची आरसीसीबी आंधळी होऊ शकते. आपल्याला ए प्रकारची हवी, जिच्यावर नागमोडी लाटेखाली अर्ध्या लाटांची दुसरी खूण असते. शिवाय चार्जरच्या आत 6 मिलिअँपिअर डीसी गळती पकडणारा सेन्सर आहे का ते माहितीपत्रकात वाचून घ्यायचं. ए प्रकारची मी कोल्हापुरातून मागवली.

मे

आता चार्जर कुठला. लांज्याच्या बाजारात कुणी ठेवत नाही, सगळं फोनवर. एका विक्रेत्याने थेट 11 किलोवॅट थ्री फेजचा घ्या म्हणून सुचवलं. गाडीत ऑनबोर्ड चार्जर 3.3 चा असेल तर भिंतीवर 11 लावा नाहीतर 22, गाडी 3.3 च घेणार. भिंतीवरचा डबा खरं तर चार्जर नसतोच, तो एक शहाणा स्विच असतो. टाइप 2 प्लगमधल्या (गाडीला लागणारं तोंड) एका पिनेवरून तो सेकंदाला हजार ठोक्यांचा एक सिग्नल पाठवतो, आणि त्यातला ‘चालू’ भाग किती टक्के आहे त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर ओढायची मुभा आहे. 10 टक्के म्हणजे 6 अँपिअर, 25 टक्के म्हणजे 15. मुभा कितीही द्या, ओढायचं किती ते गाडी आपल्या पोटाप्रमाणे ठरवते. हे एकदा डोक्यात बसलं की विक्रेत्यांशी बोलणं सोपं जातं.

मग मी पोर्टेबलवरच का नाही थांबलो? दोन कारणं. एक, पोर्टेबल गाडीच्या डिकीत राहायला हवा. आमच्या बाजूला रस्त्यात वाट्टेल तिथे चार्जर मिळेल ही खात्री धरून मी निघत नाही. दोन, घरात पुढेमागे दुसरी गाडी येणार. ज्यांना ही कारणं लागू नाहीत त्यांनी निळं सॉकेट लावावं आणि उरलेले पैसे अर्थिंगमध्ये घालावेत. माझं स्पष्ट मत आहे.

अ‍ॅपवाला, वायफायवाला, आरएफआयडी कार्डवाला घेतला नाही. गोठ्यात मोबाईलला रेंज एक काडी. अ‍ॅपची कंपनी बंद पडली, सर्व्हर गेला, तर माझ्या भिंतीवर काय उरेल हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारला. दुसरा प्रश्न : आतला रिले किंवा बोर्ड गेला तर तुम्ही सुटा भाग कुरिअरने पाठवाल का, आणि आमच्या वायरमनला फोनवर सांगाल का? तिघांपैकी एकानेच लगेच हो म्हटलं. त्याचाच घेतला. सिंगल फेज, 7.4 किलोवॅट, पाच मीटर केबल डब्यालाच जोडलेली, आणि आत 6 पासून 32 अँपिअरपर्यंत फिरवायची एक बारीक तबकडी. बाकी काही नाही. किंमत 31 हजार. एका कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी लावला होता. ईव्ही चार्जरवर 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के आहे, ते दाखवल्यावर बदलून दिला. तुमच्या कोटेशनवर नजर टाका.

महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज केला, 3 वरून 8 किलोवॅट. जुनं मीटर 5-30 अँपिअरचं होतं, ते बदलून मिळालं.

जून, मृगाआधी

मीटरपेटीपासून गोठा 32 मीटर. काका 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घेऊन आले. जाऊन-येऊन 64 मीटर तांबं, 15 अँपिअरला 7 व्होल्ट वाटेतच खाणार, शंभरेक वॅट नुसती वायर तापवण्यात जाणार. 6 चौरस मिलिमीटरची ओढली, तोटा 3 व्होल्टवर आला. आमच्याकडे मुळात व्होल्टेज कमी, त्यात आपण आणखी गमावायचं कशाला.

डबा गोठ्याच्या आतल्या भिंतीवर, पश्चिमेकडून येणारी झड पोचणार नाही अशा बाजूला, छातीच्या उंचीवर. शेजारी डीबीत (स्विचांची पेटी) ए प्रकारची आरसीसीबी, एमसीबी, विजेच्या कडकडाटासाठी एसपीडी (सर्ज प्रोटेक्टर), ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर आणि एक सब-मीटर. सब-मीटर सगळ्यांनी लावावा. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा बॅटरीत गेलेला, बिलाचा आकडा भिंतीतून निघालेला, आणि दोन्हींमध्ये माझ्याकडे दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो.

ऑगस्ट, गणपती

जुलैत टेस्टर पुन्हा आणला होता. अर्थ 2.4 ओहम. पाऊस आपल्या बाजूने.

चतुर्थी 27 तारखेला. चाकरमानी आले, वाडीत प्रत्येक घरात माळा, मखरं, दोन-दोन मिक्सर. संध्याकाळी सात वाजता प्रोटेक्टरवर 186 व्होल्ट. रात्री अकरानंतर 221. तेव्हापासून नियम करून टाकला : गाडी अकरानंतर.

मुंबईहून चुलतभाऊ आपली ईव्ही घेऊन आला, तिचा ऑनबोर्ड 7.2 किलोवॅटचा. एमसीबी पाडली, झाकण उघडलं, तबकडी 15 वरून 20 वर नेली. 32 वर न्यायचा मोह झाला होता, पण आरतीनंतर घरात तीन पंखे जास्त, पंप, फ्रिज, आणि लाईन तीच. 20 वर रात्रभरात त्याची गाडी भरली. केबल हाताला जेमतेम कोमट. दादा म्हणाला की त्याच्या सोसायटीत गेल्या वर्षापासून परवानगीचाच अर्ज फिरतो आहे. आमच्या गोठ्यात मात्र गौरी जेवल्या त्या दिवशी दोन गाड्या आळीपाळीने चार्ज झाल्या.

ऑक्टोबर

साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला ताईकडे. घाटाचा हिशोब आधी कागदावर केला होता. गाडी आणि चार माणसं मिळून दीड टन, पाचशे मीटर वर उचलायचं तर नुसत्या उंचीचेच दोन युनिट, म्हणजे 24 मधले आठ-नऊ टक्के. चढताना तसंच दिसलं. परतीला उतारावर रीजेनने (मोटरच वेग धरते आणि वीज बॅटरीत परत भरते) त्यातलं बरंचसं परत दिलं, आणि ब्रेक जवळजवळ लावावा लागला नाही. ताईकडे पोर्टेबल वापरला, आधी न्यूट्रल-अर्थ मोजून.

जानेवारी 2026

डिसेंबरचा सब-मीटर : 142 युनिट, 1,150 किलोमीटर. भिंतीपासून मोजलं तर युनिटला आठ किलोमीटर. घराचे 190 धरून बिल 332 युनिटचं आलं. शेजारी विचारतात की 300 ची पायरी ओलांडली म्हणजे सगळं बिल महाग झालं का. नाही. वरच्या 32 युनिटांनाच वरचा दर लागतो, खालचे आपापल्या पायरीवरच राहतात.

आठवड्यातून एकदा 100 टक्के भरतो. गाडीतल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला आपली खरी टक्केवारी नीट कळत नाही.

वायरमनकाकांनी स्वतःच्या घरी मागच्या दारी खड्डा मारला, आणि वाडीत आणखी दोन घरी. अर्थ टेस्टर आता आम्ही तिघांत मिळून विकत घेतला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असताना, चारही घरांचे आकडे घेणार. माझा 8 च्या वर गेला तर तिसरा पाईप केळीच्या आळ्यात, जागा आखून ठेवली आहे.