पावसात धुतलेले सोडण आणि जाळीवरचे खंगर

वरून पेटवायच्या पंख्याच्या शेगडीत नारळाचे सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, जाळले की जाळीवर खंगर, म्हणजे राख वितळून झालेले कठीण गोळे, धरते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. गेल्या पावसाळ्यापासून मी याच प्रश्नाच्या मागे आहे आणि आता नोंदवण्याजोगे काही हाती आले आहे.

जळणात राख किती, यापेक्षा त्या राखेत काय आहे, हे शेगडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. भाताच्या तुसात वजनाच्या १५ ते २० टक्के राख असते, तरीही नुसते तूस जाळले तर खंगर सहसा होत नाही. कारण ती राख बहुतांशी सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असते आणि शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. म्हणूनच तूस जळून गेले तरी राखेत त्याचा आकार टिकून राहतो. सोडणाची राख त्या मानाने पुष्कळच थोडी, पण तिच्यात पोटॅश आणि क्लोरीन भरपूर. माड मुळातच पोटॅशचा भुकेला, त्यात समुद्रकाठची जमीन आणि आळ्यात मीठ घालण्याची आपल्याकडची जुनी रीत. पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांना वितळते आणि त्यात मीठ मिसळलेले असले तर ६६० अंशांच्या आसपासच पाझरू लागते. पंखा चालू असताना निखारे याहून कितीतरी अधिक तापतात. सोडणाला वाळू चिकटलेली असली, किंवा त्याच्याबरोबर तूसही भरले, तर पोटॅश सिलिकेशी संयोग पावते आणि अक्षरशः काच तयार होते. ही दोन जळणे एका शेगडीत एकत्र भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटॅश आणि क्लोरीन यांचा मोठा भाग मात्र पाण्यात विरघळणारा असतो. डेन्मार्कमधील वीजकेंद्रांत पेंढा जाळतात. तेथे कापणीनंतर पावसात भिजून करडा पडलेला पेंढा पिवळ्या पेंढ्यापेक्षा बॉयलरला कमी त्रासदायक ठरतो. आपल्या किनारपट्टीवर तर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे काम त्याच्यावरच सोपवावे, असे ठरवले.

एकाच वेळी पाडलेल्या नारळांचे सोडण घेऊन त्यातले निम्मे पडवीत कोरडे ठेवले आणि निम्मे अंगणाबाहेरच्या कातळावर पावसाळाभर पसरून टाकले. आरंभी त्यातून गडद तांबूस पाणी निघत होते आणि श्रावणात ते जवळजवळ नितळ झाले. हा रंग टॅनिनचा असतो, त्यामुळे केवळ त्यावरून पोटॅश किती गेले हे ठरवू नये. पुढे आश्विनातल्या उन्हात ते कडकडीत वाळवले आणि दोन्ही ढिगांतले सोडण त्याच शेगडीत, पंख्याचा वेग तोच ठेवून, सारख्या वजनाने जाळले.

पडवीतल्या सोडणाचे खंगर हातोडीने पाडावे लागले. ते हिरवट काळे, चकचकीत आणि आतून बुडबुड्यांनी पोखरलेले होते, आणि त्याचे काही ओघळ जाळीच्या भोकांतून खाली उतरून तेथेच गोठल्यामुळे हवेची वाट अडली होती. भांड्याच्या बुडाला पांढरट पूड बसली होती आणि ओले बोट लावताच ती विरघळत होती. वाफ होऊन वर गेलेले क्षारच तेथे थंड होऊन बसले असावेत. लोखंडी पत्रा लवकर खाणारे क्लोराइड हेच, म्हणून शेगडीच्या आयुष्याचा विचार करणाऱ्यांनी या पुडीकडे अवश्य लक्ष द्यावे.

धुतलेल्या सोडणाची राख करडी आणि मऊ निघाली. तिच्यात काथ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या आणि चिमटीत धरताच तिचा भुगा होत होता. पंख्याच्या तोंडापाशी थोडे खडे चिकटून आले, पण बोटाने ढकलताच सुटले, आणि जाळीची भोके शेवटपर्यंत मोकळी राहिली. भांड्याच्या बुडावरची पूडही नावापुरतीच होती.

यात एक तोटा आहे. धुतलेल्या सोडणाच्या राखेत खत म्हणून पूर्वीइतका दम राहत नाही. त्यामुळे येत्या मृगापूर्वी ढीग कातळावर न टाकता माडाच्या आळ्यांतच पसरणार आहे, म्हणजे पोटॅश मुळांना मिळेल आणि धुतलेले सोडण शेगडीला. त्याशिवाय न धुतलेल्या सोडणात शिंपल्यांचा चुना मिसळूनही पाहायचे आहे. कॅल्शियम वाढले की पोटॅश-सिलिकेची राख सहसा अधिक तापमानाला वितळते. आंबा आणि सुरूच्या लाकडाची राख मोकळी पडते, त्यामागेही मुख्यतः कॅल्शियमच आहे. चुन्याचे प्रमाण कमी-अधिक करून काय दिसते, ते पुढच्या नोंदीत देईन.