ऑफिस ते होमलॅब टनेल, अपडेट ३: पिंग जातोय पण एसएसएच लटकतंय

ऑफिस आणि घरचं लॅब जोडणारं वायरगार्डचं (हे एक व्हीपीएन) टनेल चालू आहे, ट्रॅफिक असलं की दर दोन मिनिटांनी नवीन हँडशेक (दोन टोकांची किल्ल्यांची बोलणी) दिसतोय, पिंग (पोच तपासणारं पॅकेट) जातो पण एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) लटकतं, आणि तरी माझ्या दोन संध्याकाळी पाण्यात गेल्या. आधी मांडणी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ऑफिसचं लॅन (आतलं नेटवर्क) १९२.१६८.१०.०/२४, राउटर .१ वर (पत्त्याचा फक्त शेवटचा आकडा लिहितोय), वायरगार्डचा छोटा लिनक्स बॉक्स त्याच लॅनमध्ये .५ वर. पलीकडे घरचं लॅब १९२.१६८.५०.०/२४.

पहिला गोंधळ माझाच. बॉक्सवरून लॅबच्या सर्व्हरला पिंग केला तर एरर, रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल. मी शहाण्यासारख्या किल्ल्या दोनदा नव्याने बनवल्या. किल्ल्या ठीकच होत्या हो, रूट (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं ते) मी हाताने टाकला होता पण पीअरच्या (समोरच्या टोकाच्या) अलाउड आयपीज या यादीत फक्त टनेलचा /३२, म्हणजे एकच पत्ता होता. ती यादी जाताना राउटिंग टेबल आणि येताना फिल्टर असं दोन्ही काम करते, त्यामुळे दोन्ही टोकांना समोरचं पूर्ण सबनेट (त्या नेटवर्कचे सगळे पत्ते) लिहावं लागतं. लिहिलं, चालू.

मग राउटरवर स्टॅटिक (कायमचा) रूट टाकला, १९२.१६८.५०.०/२४ साठी नेक्स्ट हॉप (पुढचा थांबा) .५. माझ्या लॅपटॉपवरून लॅबला पिंग गेला, मी खूश. एसएसएच मारलं तर कनेक्टेड म्हणून पुढे गप्प. आणि शेजारच्या लॅपटॉपवरून मात्र तेच एसएसएच मजेत चालतंय! एमटीयूवर (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) संशय घेतला, वायरगार्डचा १४२० असतो म्हणून फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करणं) बंद करून १३९२ बाइटचा पिंग मारला (वर २८ हेडरचे), तो आरामात गेला. म्हणजे ते नाही.

शेवटी .५ वर टीसीपीडंप (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावून बसलो, जे खरंतर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. कनेक्शन तीन पॅकेटांनी जुळतं, सिन, उत्तरात सिन-अ‍ॅक, मग अ‍ॅक. सिन लॅबकडे गेलं, सिन-अ‍ॅक परत आलं, एका सेकंदाने परत तेच सिन-अ‍ॅक, मग पुन्हा. माझं अ‍ॅक कुठेच नाही. लॅपटॉपवर बघितलं तर अ‍ॅक निघालेलं स्पष्ट दिसतंय. मग मधे खाल्लं कोणी? राउटरने.

झालं असं की माझं पॅकेट जातं लॅपटॉप, राउटर, .५ असं, पण उत्तर .५ वरून थेट लॅपटॉपला येतं कारण दोघं एकाच लॅनवर. राउटरच्या फायरवॉलला सिन दिसलं, सिन-अ‍ॅक दिसलंच नाही, आणि मग एकदम अ‍ॅक आलं, ते त्याने इनव्हॅलिड म्हणून टाकून दिलं. पिंगच्या रिक्वेस्ट मात्र एकतर्फी दिसल्या तरी त्याला चालतात.

आणि शेजारचा लॅपटॉप का चालत होता? राउटर आयसीएमपी रीडायरेक्ट (जवळचा रस्ता सांगणारा निरोप) पाठवत होता, बाबा रे थेट .५ ला जा, आणि तो लॅपटॉप ऐकत होता. मी माझ्या मशीनवर कंटेनर चालवतो, त्यामुळे आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेटं पुढे पाठवणं) ऑन, आणि फॉरवर्डिंग ऑन झालं की लिनक्स स्वतःला राउटर समजतं आणि रीडायरेक्ट ऐकत नाही. हे सापडलं तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

राउटरवर मास्करेड (पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी स्वतःचा पत्ता लावणं) लावून पाच मिनिटांत सुटलं असतं, पण मग लॅबच्या लॉगमध्ये सगळे .१ म्हणूनच दिसतात, मला ते नको. इनव्हॅलिडचा नियम काढणं त्याहून नको. म्हणून बॉक्सला वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच राउटरवरचं वेगळं नेटवर्क) हलवलं, १०.९९.०.०/३०, राउटर .१, बॉक्स .२, स्टॅटिक रूटचा नेक्स्ट हॉप बदलला. आता येणंजाणं दोन्ही राउटरमधूनच.

आणि लगेच हँडशेक बंद! दहा मिनिटं घाम फुटला, मग आठवलं, राउटरवरचा यूडीपी ५१८२० चा पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं वायरगार्डचं ट्रॅफिक आत कुणाला द्यायचं ते) अजून जुन्या .५ कडेच होता. तो बदलला, एसएसएच पहिल्या झटक्यात. पुढच्या वेळी लॅबकडून ऑफिसचं डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) चालवून बघायचंय.